बिबट्याच्या पानावर किती जाहिराती

अमरावतीत, राजापेठेत माझा गणिताचा क्लास आहे. क्लासच्या वर दोन खोल्या आहेत, त्यातली रस्त्याकडची खोली चार वर्षं ज्योत्स्ना तेलगोटेकडे भाड्यानं होती. मागच्या हिवाळ्यात तिच्या बाबतीत जे घडलं, त्यातलं थोडं मी पाहिलं, बाकीचं तिनंच नंतर मला सांगितलं. एका वाक्यापुरता माझाही त्यात हात आहे, तोही सांगतो.

ज्योत्स्ना अकोल्याची. तिचे वडील डोमाजी रेल्वेत गेटमन होते. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका फाटकावर तीस वर्षं काढून आता अकोल्यात छोटं घर बांधून राहतात. आई नाही. रुळाशेजारच्या क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे असेल, पण गोंगाटाचं तिला काहीच वाटत नसे. खाली साठ पोरं ओरडत असली, बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत असले तरी ती गॅलरीत मांडीवर लॅपटॉप घेऊन शांतपणे काम करायची. बोलणं कमी. माझ्या क्लासचा कॉम्प्युटर बिघडला की न सांगता खाली यायची, दुरुस्त करायची आणि चहा न घेता वर जायची.

नोकरी गोपाल चर्जन यांच्या बातम्यांच्या पोर्टलवर. गोपालभाऊंचं घराणं भाजीपाल्याचं. त्यांचे थोरले भाऊ अजून बाजारात बसतात. गोपालभाऊंनी मात्र आधी सायंदैनिक काढलं, ते बंद पडल्यावर हे पोर्टल. ऑफिसात पूर्वी पाच माणसं होती, मग तीन, मग ते स्वतः आणि ज्योत्स्ना. बातमी पानावर कुठे दिसेल, जाहिराती कुठे बसतील आणि किती बसतील, हे ज्योत्स्नाचं काम. जाहिराती गावातल्या दुकानांच्या नव्हत्याच. कुठल्या तरी मोठ्या कंपनीकडून त्या आपोआप येत. आपण फक्त जागा सोडायची. कोणाच्या फोनवर कोणती जाहिरात उगवेल, हे ना ज्योत्स्नाला माहीत असे ना गोपालभाऊंना.

जागा सोडण्याआधी ती नेहमी खाली यायची. "सर, तुमचा फोन द्या."

माझा फोन सहा वर्षांचा, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. तिचा स्वतःचा चांगला होता. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या फोनवर सगळंच चांगलं दिसतं. लोकांचे फोन तुमच्यासारखे असतात." पान उघडल्यावर बोट न लावता बातमी दिसली पाहिजे, असा तिचा नेम होता. त्यासाठी तीनच्या वर जाहिराती ती घेत नसे. गोपालभाऊ कुरकुरायचे, पण ऐकायचे.

मग दिवाळी झाली आणि बिबट्या आला.

तसा आमच्याकडे बिबट्या नवा नाही; बोलताना लोक त्यालाही वाघच म्हणतात. पोहऱ्याचं जंगल शहराला लागूनच आहे. पण त्या वर्षी तो खाली उतरला आणि परत गेलाच नाही. आधी एका कॉलनीच्या कॅमेऱ्यात भिंतीवरून चालताना दिसला. मग एका शाळेच्या मागच्या नाल्यात दोन कुत्री मारलेली सापडली. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाणारे लोक घरी बसले. माझ्या पहाटेच्या बॅचला निम्मी मुलं येईनात, आली तर वडिलांच्या गाडीवर मागे बसून. सोडायला आलेले वडील पोरगं आत जाईपर्यंत गाडीचा दिवा गल्लीच्या टोकाकडे रोखून धरत.

ज्योत्स्नानं एक वेगळं पान केलं. वर एकच ओळ: आज कुठे दिसला, किती वाजता. खाली शहराच्या कडेच्या बारा वस्त्यांची नावं. जिथे आदल्या दिवसापासून दिसला असेल तिथे लाल ठिपका, दोन दिवसांत काहीच नसेल तर हिरवी खूण आणि पुढे 'सुरक्षित'. सगळ्यात खाली वनखात्याचा नंबर आणि कोणाला काही दिसलं तर कळवायला तिचा स्वतःचा नंबर. दूधवाले, रात्रपाळीचे वॉचमन, नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांतून सुटून घरी निघालेले कामगार, सगळे तिला फोन करू लागले. पहाटे पाचच्या आत ती पान नवं करायची. त्या पानावर तिनं दोनच जाहिराती ठेवल्या, दोन्ही तळाशी.

पहिल्या दिवशी ते पान चाळीस हजार फोनांवर उघडलं. गोपालभाऊंच्या पोर्टलची सगळी पानं मिळून महिन्यातही तेवढी उघडत नसत.

शकुनचा पहिला फोन त्याच आठवड्यातला.

"बाई, वाघाचं पान तुमीच लिहिता ना? मी शकुन बोलून राह्यली, टेकडीमागच्या मळ्यातून. आमच्या वावरात पाय उमटले हायेत. ओल्या मातीत. मायाच पंज्याएवढे."

टेकडीमागे दहा-बारा माळी कुटुंबं फुलं घेतात. शकुन आणि तिचे यजमान शेषराव यांची तिथे शेवंती होती. फूल उजाडायच्या आत तोडावं लागतं आणि सातला बाजारात पोचावं लागतं. उशीर झाला की पाकळी मलूल होते, मग हारवाले हात लावत नाहीत. शकुन आणि तिची जाऊ जमुना रोज पहाटे पाचला वावरात उतरायच्या. त्याआधी शकुन ज्योत्स्नाचं पान उघडून बघायची. तिसरी शिकलेली बाई. भरभर वाचता येत नसे, पण हिरवी खूण कळे आणि 'सुरक्षित' हा शब्द ओळखीचा झाला होता. खूण हिरवी असली की वरच्या तुकड्यात जायचं, तिथली फुलं चांगली. लाल ठिपका असला की घराजवळच थांबायचं आणि उजाडायची वाट पाहायची.

दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण रोज बोलू लागल्या. शकुन सांगायची कुत्रं कुठे तोंड करून भुंकत होतं, मोर रात्री कितीदा ओरडले, कोणाची वासरी गेली. ज्योत्स्ना ते लिहून घ्यायची. मला म्हणाली होती, "सर, ती बाई बातमीदारापेक्षा चांगली आहे. न पाहिलेलं सांगत नाही."

आठ-दहा दिवसांनी गोपालभाऊंनी तिला समोर बसवलं.

"त्या पानावर किती जाहिराती हायेत?"

"दोन."

"दोन. अमरावतीतले निम्मे लोक ते पान पाहून राह्यले, अन आपल्या दोन. सात होतीन ना?"

"सात झाल्या तर ओळ दिसणार नाही, गोपालभाऊ."

"लोक खाली सरकवतीन. ज्याले वाघ पाह्यचा हाय तो सरकवतेच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाह्य, मी काई लबाडी नाई करून राह्यलो. वाघ गेला की पान गेलं. पुन्हा असा मोका नाई भेटत. मले हे ऑफिस मार्चपर्यंत चालवायचं हाय. तुयीच नोकरी हाय त्याच्यात."

यातलं खोटं काही नव्हतं. ज्योत्स्नानं चार केल्या. चार दिवसांनी सहा. ओळ अजून दिसत होती, पण आता तिच्या वर एका केसांच्या तेलाची पट्टी आली होती. पान उघडताना ओळ आधी वर दिसायची आणि पट्टी आली की टुणकन खाली सरकायची. शकुनचा फोन आला. "बाई, तुमचं पान हलून राह्यलं. मी बोट ठेवतो तं तेलाची बाटली उघडते." ती हसत होती. ज्योत्स्नाही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला बरं वाटलं नाही, असं ती म्हणाली.

त्याच सुमारास एका वस्तीत अंगणात झोपलेल्या म्हाताऱ्याच्या खाटेखालून बिबट्या बकरी घेऊन गेला. म्हाताऱ्याला सकाळी कळलं. त्या दिवशी पान सव्वा लाख फोनांवर उघडलं, आणि जाहिरातींच्या कंपनीकडून ज्योत्स्नाच्या कॉम्प्युटरवर सूचना आली: या पानावर जाहिरातींसाठी आणखी जागा आहे. खाली एक आडवी रेघ आणि तिच्यावर सरकणारा गोल ठिपका. डावीकडे 'कमी', उजवीकडे 'जास्त'. ठिपका उजवीकडे नेला की मोजायचं कामच संपतं. किती, कुठे, केव्हा, ते सगळं त्यांचं यंत्र ठरवणार.

गोपालभाऊंनी ती सूचना पाहिली. "कर," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ती खाली आली. मी पेपर तपासत होतो. तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "सर, तुम्ही काय केलं असतं?"

मी मान वर न करता म्हणालो, "अगं, आठवड्याभरात पकडतील त्याला. पिंजरे लागलेत. तेवढ्यापुरतं करून टाक. नोकरी आहे."

हेच ते माझं वाक्य.

ती वर गेली. अर्ध्या तासानं परत आली आणि माझा फोन मागितला. पान उघडलं तर आधी सगळी काच भरून एक जाहिरात. कोपऱ्यात आकडे उलटे चालले होते, पाच, चार, तीन. मग बारीक फुली. मी फुली दाबली, ती नेमकी दाबली गेली नाही आणि कुठलं तरी दुकान उघडलं. परत आलो. वर एक चित्रफीत आपोआप बोलू लागली. तळाशी एक पट्टी चिकटून बसली. मधे कर्जाची, गुडघ्याच्या मलमाची, कुंडलीची. ओळ कुठे आहे ते मला शोधावं लागलं. ज्योत्स्ना मोजत होती. अकरा झाल्या.

"शकुनताईला मी रोज फोन करत जाईन," ती म्हणाली. "पाचला पाच कमी असताना."

तिनं केलाही. सहा दिवस. शकुननं तिला सांगितलं होतं, "तुमचं पान आता उघडत नाई माया फोनवर, लय वेळ घेते. तुमी फोन केला की मले बरं. अन नाई केला तं मी समजतो, काई नाई." ज्योत्स्ना म्हणाली होती, नाही, काही नसलं तरी करेन. पण शकुननं आपल्या मनाशी आपलं गणित पक्कं केलेलं होतं.

पिंजरे लागून दहा दिवस झाले. एका पिंजऱ्यातली शेळी रात्रभर ओरडून ओरडून सकाळी मेलेली सापडली, अंगावर ओरखडाही नाही. पिंजऱ्याभोवती पावलांचं रिंगण होतं. तो आत गेलाच नव्हता, नुसता फिरत राहिला होता. वनखात्याच्या माणसानं ज्योत्स्नाला सांगितलं की तो बुजलाय, आता माणसाला टाळेल. शकुन म्हणाली, "बुजला नाई, बाई. पाहून राह्यला."

त्या शनिवारी ज्योत्स्ना दुपारच्या एसटीनं अकोल्याला गेली. वडिलांना ताप होता. संध्याकाळी ताप उतरल्यावर डोमाजींनी कौतुकानं लेकीचं पान आपल्या फोनवर उघडलं. बराच वेळ ते फोन डोळ्यांजवळ-लांब करत राहिले.

"याच्यात वाघ कुठी हाय? मले तं काईच दिसत नाई व."

ज्योत्स्नानं फोन हातात घेतला. दोन मिनिटांत तिलाही ओळ सापडली नाही. जाहिरातींच्या रेघेवरचा तो ठिपका पुन्हा डावीकडे न्यायचा, हे तिनं तेव्हाच ठरवलं.

"सोमवारी कमी करते, बाबा. उद्या रविवार आहे, सगळ्यात जास्त लोक उद्याच बघतात. गोपालभाऊ ऐकणार नाहीत."

"मंग आजच कर ना."

"सोमवारी."

डोमाजींनी भिंतीकडे कूस वळवली. तीस वर्षं फाटकावर काढलेला माणूस. त्यांच्या कामात सोमवारवर ढकलण्यासारखं काही नव्हतं, असं ज्योत्स्ना मला म्हणाली. पण हे तिला नंतर सुचलं.

रविवारी पहाटे पावणेपाचला एका दूधवाल्याचा मेसेज आला. टेकडीमागच्या मळ्यांच्या गाडरस्त्यावर, विहिरीजवळ. तो गाडी वळवून परत गेला होता. ज्योत्स्नानं अंथरुणातच पान नवं केलं. वरची ओळ बदलली, टेकडीमागच्या मळ्यांपुढे लाल ठिपका टाकला. फोनची बॅटरी संपत आली होती. चार्जर पलीकडच्या खोलीत. ती उठली, फोन चार्जिंगला लावला, पाच मिनिटांत शकुनताईला फोन करू म्हणून पलंगावर टेकली. रात्री ताप पुन्हा चढल्यानं वडिलांच्या उशाशी जागरण झालं होतं. तिचा डोळा लागला.

सव्वासातला फोन वाजला. नंबर शकुनचा होता, आवाज पुरुषाचा.

"शेषराव बोलतो. तुमी त्या पानवाल्या बाई ना? आमची मंडळी दवाखान्यात हाय."

जे झालं ते जमुनानं नंतर सांगितलं. पाच वाजले, फोन आला नाही. शकुन म्हणाली, काही नसेल. तरी मन मानेना म्हणून तिनं पान उघडलं. काच भरून जाहिरात आली, आकडे उलटे चालले. दोघी थंडीत दारात उभ्या होत्या. जाहिरात गेली, दुसरी आली. फोन साफ करून देणाऱ्या कुठल्याशा ॲपची. हिरवी खूण, मोठी, आणि तिच्याखाली: तुमचा फोन सुरक्षित आहे. शकुननं खूण पाहिली. मग बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. पहिले दोन शब्द तिनं सोडले. सु-र-क्षि-त आहे.

"हिरवं हाय," ती जमुनाला म्हणाली. "वरच्या तुकड्यात जाऊ."

वरच्या तुकड्याच्या शेजारी डोक्याएवढी तूर उभी होती. शकुन तुरीकडे पाठ करून बसली. जमुना दोन सऱ्या सोडून होती. आवाज काहीच झाला नाही, जमुना म्हणाली. तूर हललीही नाही. शकुनच्या तोंडून अर्धा शब्द निघाला आणि ती पुढे कोसळली. जमुनानं हातातली फुलांची पत्र्याची पाटी फेकली, दगडावर आपटून ती मोठ्यानं वाजली. तेवढ्यानं बिबट्या तिला सोडून बाजूला झाला. पळाला नाही. तुरीत गेला आणि तिथे उभा राहिला. जमुनानं शकुनला खांद्यांना धरून ओढत घरापर्यंत आणलं, आणि सबंध वाटभर तूर त्यांच्या बरोबरीनं सळसळत होती.

अकोल्याहून निघालेल्या बसमध्ये ज्योत्स्नानं फोनवरूनच ठिपका डावीकडे ओढला आणि मग सगळ्याच जाहिराती बंद केल्या. बस मूर्तिजापूरला पोचेपर्यंत पान पुन्हा भरलेलं होतं. गोपालभाऊंनी ऑफिसातून ठिपका परत उजवीकडे नेला होता. त्यांचा फोन आला. "आज पान मोकळं सोडू नको. आज अख्खा जिल्हा पाह्यते ते." त्यांना तेव्हा शकुनचं माहीत होतं, ती पान पाहून गेली होती हे नव्हतं. तिनं फोन बंद केला.

दवाखान्यात शकुन डोक्यापासून खांद्यापर्यंत बँडेजनं बांधलेली होती. डावा हात फळीला. जागी होती. ज्योत्स्नानं तिला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून तिला शकुन मोठी, भरलेली बाई वाटली होती. प्रत्यक्षात ती किडमिडीत होती, बारीक मनगटांची. शेषराव पायाशी बसले होते. त्यांनी खिशातून फोन काढून ज्योत्स्नापुढे धरला. काचेवर चिखल वाळला होता. पान तसंच उघडं होतं, हिरवी खूणही तशीच.

"हे पाहा," ते म्हणाले. "तुमच्याच पानानं सुरक्षित म्हटलं होतं. मंग असं कसं झालं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

ज्योत्स्नानं सांगितलं. ही आमची खूण नाही, ही जाहिरात आहे, आमची ओळ हिच्या खाली आहे. तिनं बोटानं सरकवून दाखवलं. सरकवायला वेळ लागला. शेवटी लाल ठिपका दिसला. शेषराव त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

"ह्या जाहिराती कोन टाकते?" शकुननं विचारलं. ओठ सुजल्यामुळे शब्द फुटत नव्हते.

"किती टाकायच्या ते मी ठरवते," ज्योत्स्ना म्हणाली. गोपालभाऊंचं नाव तिनं घेतलं नाही, आणि माझंही नाही. "आधी दोन होत्या. मी वाढवल्या. आणि आज फोन करायचा राहिला, मला झोप लागली."

"आमाले दिसत नाई, हे तुले माहीत होतं?"

"होतं. काल बाबांच्या फोनवर पाहिलं होतं."

"मंग?"

शकुननं ज्योत्स्नाकडे बराच वेळ पाहिलं, मग मान दुसऱ्या बाजूला वळवली. वळवताना तिला कळ लागली, तरी वळवली. ज्योत्स्ना अर्धा तास तिथे उभी होती.

सोमवारी ती ऑफिसात गेली आणि गोपालभाऊंना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. चेहरा उतरला होता.

"तिले काहून सांगितलं तू?"

"तिनं विचारलं."

"तिनं जाहिरात वाचली, ज्योत्स्ना. वाघ आपन नाई सोडला." मग ते खिडकीकडे वळून म्हणाले, "मले बी बरं नाई वाटून राह्यलं. पन आता बंद केलं तं लोक म्हनतीन, यांचीच चूक होती."

पानावर जाहिराती तशाच राहिल्या. त्या रविवारी ते पान दोन लाख साठ हजार फोनांवर उघडलं होतं. ज्योत्स्नानं ऑफिसचा लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि घरी आली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला. लोकांनी फटाके फोडले. पिंजऱ्याची गाडी जाताना पोरं तिच्यामागे धावली. दोन दिवसांनी टेकडीमागे पुन्हा पावलं दिसली. सापडली होती ती मादी, आणि ही पावलं तिच्यापेक्षा मोठी होती.

शकुन घरी आली. डाव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. एका हातानं शेवंती तोडता येत नाही, म्हणून ती आता दारात बसून फुलं निवडते. तोडायला जमुना एकटी जाते.

ज्योत्स्ना अजून माझ्या क्लासच्या वरच राहत होती. दुसरी नोकरी शोधत होती, पण पहाटेचं काम तिनं सोडलं नाही. दूधवाले, वॉचमन तिलाच फोन करत. आता ती पान लिहीत नव्हती. एका वहीत सव्वीस नावं होती, कडेच्या वस्त्यांतली, पहाटे बाहेर पडणाऱ्यांची. साडेचारपासून ती एकेकाला फोन लावायची. माझी पहाटेची बॅच साडेपाचला असते. मी पाचला क्लास उघडायला येई तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर शाल घेऊन बसलेली असायची. "आज पुलाकडे आहे, कॉलनीच्या बाजूला नाही." "आज कुठेच नाही, तरी उजेड होऊ द्या." असं सव्वीस वेळा. त्यात शकुनचा नंबर होता. रोज पूर्ण वाजायचा आणि बंद व्हायचा. ती पुढचा लावायची.

मी तिला एकदा म्हणालो की त्या दिवशी मीच तुला सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, सर. केलं मी."

जानेवारीतली ती सकाळ चांगलीच गार होती. मी कुलूप काढत होतो. ज्योत्स्नानं शकुनचा नंबर लावला, हात गारठलेले म्हणून फोन पायरीवर ठेवून स्पीकर लावला होता. चौथ्या घंटीला तो उचलला गेला. आम्ही दोघंही दचकलो.

"मी जमुना," पलीकडून दबका आवाज आला. "जाऊबाई झोपली हाय. सांगा, कुठी हाय आज?"

ज्योत्स्ना सरळ म्हणाली, "तुमच्याकडेच आहे. वीस मिनिटांपूर्वी विहिरीवर पाहिला, पाणी पीत होता. तुम्ही कुठे आहात?"

"अंगनात. पाटी घेऊन उभी हाय."

"आत व्हा."

फोनमधून एका कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं, जवळच, सारखं. मग ते एकदम थांबलं. ज्योत्स्नानं फोन उचलून तोंडाशी धरला.

"जमुनाबाई, आत जा. दार लावा."

धावल्याचा आवाज आला, पाटी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग लोखंडी कडी लागली. जमुनाचा श्वास ऐकू येत होता. आम्ही दोघं पायरीवर तसेच थांबलो, ती पुढे काही बोलेल म्हणून.